दौलत आणि खासगी : विमानप्रवाशाच्या नोंदीचा प्रश्न

१

रेल्वेच्या तिकिटावरील दहा अंकी क्रमांकामुळे ‘पीएनआर’ ही अक्षरे भारतीय प्रवाशाच्या नित्य परिचयाची झालेली आहेत. आपली जागा निश्चित झाली की नाही, एवढेच त्या क्रमांकावरून त्याला जाणून घ्यावयाचे असते. ‘पॅसेंजर नेम रेकॉर्ड’ या मूळ शब्दसमूहातही प्रवाशाच्या नावाची नोंद एवढाच अर्थ दिसतो. विमानप्रवासात मात्र या नोंदीचा विस्तार नावापुरता राहत नाही. तिकीट काढल्यापासून प्रवास संपेपर्यंत प्रवाशाने विमान कंपनीला जे जे सांगितले, मागितले आणि बदलून घेतले, ते सर्व या नोंदीत साठत जाते.

नोंदीचे स्वरूप ध्यानात यावे म्हणून एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. नाशिकचे एक निवृत्त शिक्षक दांपत्य श्रावण महिन्यात दिल्लीहून टोरांटोला मुलीकडे निघाले आहे. तिकिटे जावयाने आपल्या कार्डावर काढली. प्रवासाची तारीख दोनदा बदलली. पत्नीच्या गुडघ्यांचे दुखणे ध्यानी घेऊन विमानतळावर चाकांची खुर्ची मागितली. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य, म्हणून जेवणाच्या पर्यायांपैकी जैन भोजन निवडले. या चारही गोष्टी नोंदीत ठराविक संक्षेपाक्षरांनी उतरतात. परंतु चातुर्मासाचा संदर्भ तेथे उतरत नाही. उरतो तो ‘जैन’ एवढा संकेत. दुखण्याचे कारणही उतरत नाही. उरते ती खुर्चीची मागणी. तारीख का बदलली हे कोठेच लिहिलेले नसते. ती दोनदा बदलली एवढे मात्र कायम राहते.

ही नोंद ज्याला उद्देशून झाली तो वाचक म्हणजे विमान कंपनी. तिला जेवणाचे ताट व खुर्ची यांची व्यवस्था करावयाची असते आणि तेवढ्यासाठी ती पुरेशी स्पष्ट असते. प्रश्न उद्भवतो तो या नोंदीला दुसरा वाचक लाभतो तेव्हा. हा दुसरा वाचक म्हणजे शासन, आणि पुष्कळदा परकीय शासन. विमान दिल्लीच्या इंदिरा गांधी आंतरराष्ट्रीय विमानतळावरून उडण्यापूर्वीच ही नोंद भारताच्या सीमाशुल्क खात्याकडे आणि जेथे विमान उतरावयाचे त्या देशाच्या यंत्रणेकडे पोहोचलेली असते. या दुसऱ्या वाचनाचा अधिकार कोणत्या मर्यादेत मान्य करावा, हा प्रस्तुत विवेचनाचा विषय आहे.

२

या व्यवस्थेचा अलीकडचा इतिहास २००१ पासून सुरू होतो. त्या वर्षी ११ सप्टेंबरला अमेरिकेत झालेल्या हल्ल्यांनंतर नोव्हेंबरमध्ये तेथे जो विमानवाहतूक सुरक्षा कायदा झाला, त्याने अमेरिकेस येणाऱ्या प्रत्येक परदेशी विमान कंपनीवर प्रवाशांच्या नोंदी मागणीनुसार तेथील सीमाशुल्क खात्याला देण्याचे बंधन घातले. हे बंधन कागदोपत्री कंपनीवर असले तरी त्याचा परिणाम दिल्ली, मुंबई, लंडन येथील प्रवाशावर होणार, हे उघड होते. परकीय कायदा अशा रीतीने कंपनीच्या हातून दुसऱ्या देशाच्या भूमीवर अमलात येतो. एप्रिल २००९ मध्ये माजी राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांची दिल्ली विमानतळावर एका अमेरिकन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अंगझडती घेतली. भारतीय नियमांनी त्यांना अशा झडतीतून सूट दिलेली होती; कंपनीने आधार घेतला तो अमेरिकन नियमांचा. प्रसंग माहितीच्या देवाणघेवाणीचा नव्हता. परंतु विमानाच्या दारात कोणाचा कायदा चालतो हा प्रश्न त्याने सर्वांसमोर आणला.

युरोपीय समुदायाने २००४ मध्ये अमेरिकेशी या नोंदींबाबत करार केला. युरोपीय न्यायालयाने ३० मे २००६ रोजी त्याला मान्यता देणारे निर्णय योग्य कायदेशीर आधाराच्या अभावी रद्द ठरविले. पुढे २००७ व २०१२ मध्ये नवे करार झाले. २०१६ मध्ये युरोपीय संघाने स्वतःचीच प्रवासी-नोंद व्यवस्था उभारली. २१ डिसेंबर २०१७ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक २३९६ संमत करून अशा नोंदी गोळा करण्याची व तपासण्याची क्षमता निर्माण करण्याचे दायित्व सर्व सदस्य राष्ट्रांवर टाकले. मानवी हक्कांचा आदर राखावा, ही अट त्याच ठरावात आहे.

भारतात २०१७ च्या वित्त अधिनियमाने सीमाशुल्क अधिनियम, १९६२ मध्ये ३०अ व ४१अ ही कलमे घातली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रवाशांच्या नोंदी मागण्याचा अधिकार निर्माण केला. प्रत्यक्ष विनियम ८ ऑगस्ट २०२२ रोजी अधिसूचित झाले. त्यांनुसार विमान कंपनीने उड्डाणापूर्वी २४ तासांच्या आत न राहता, म्हणजे निदान २४ तास अगोदर, या नोंदी सीमाशुल्क खात्याच्या प्रवासीविषयक राष्ट्रीय केंद्राकडे पाठवावयाच्या आहेत. परिशिष्टात माहितीची १९ शीर्षके दिली आहेत. नाव, संपर्क, पैसे कसे भरले, प्रवासमार्ग, सामान, आसन, प्रवास-अभिकर्ता यांपासून नोंदीत वेळोवेळी झालेल्या सर्व बदलांपर्यंत त्यांची व्याप्ती आहे. नियमभंगाच्या प्रत्येक कृतीस २५,००० ते ५०,००० रुपये दंड आहे. कालपर्यंत ज्या व्यवस्थेचा भारतीय प्रवासी केवळ विषय होता, तीच व्यवस्था आता भारतही चालवितो, ही गोष्ट विसरून या प्रश्नाची चर्चा करता येणार नाही.

३

शासनाची ही गरज कल्पित नाही. २३ जून १९८५ रोजी माँट्रियलहून लंडनमार्गे दिल्ली व मुंबईकडे निघालेले ‘कनिष्क’ हे एअर इंडियाचे विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ स्फोटाने कोसळले आणि त्यातील ३२९ माणसे मृत्यू पावली. स्फोटके असलेली बॅग व्हँकुव्हरला सामानात चढविण्यात आली होती. तिच्या प्रवाशाने मात्र विमानात पाऊल ठेवले नव्हते. तिकिटे दूरध्वनीवरून राखून ठेवली होती, नंतर त्यांवरील नावे बदलून घेतली होती आणि पैसे रोख भरले होते. पुढील दिल्ली प्रवासाची जागा प्रतीक्षा यादीत असूनही बॅग थेट पुढे पाठवावी असा आग्रह त्या माणसाने धरला होता. आज ज्यांना आपण नोंदीची शीर्षके म्हणतो, तीच ही सारी माहिती होती. ती एकत्र ठेवून वेळेवर वाचणारा कोणी असता तर काय झाले असते, हा प्रश्न मृतांच्या आप्तांनी विचारला आणि तो रास्त होता. म्हणून नोंद कोणी वाचूच नये, ही भूमिका टिकणारी नाही.

सीमा ओलांडणाऱ्याची चौकशी ही आधुनिक काळाचीच देणगी आहे असेही नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात मुद्राध्यक्ष नावाचा अधिकारी येतो. तो एका माषकाच्या मोबदल्यात प्रवाशास मुद्रा देतो आणि मुद्रेवाचून जाणाऱ्या देशवासीयास बारा पणांचा दंड सांगितला आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी पश्चिम किनाऱ्यावरील जहाजांना ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेणे भाग पाडले. त्यात जहाजाचे व नाखव्याचे नाव, शस्त्रे, माल आणि गन्तव्य बंदर यांचा उल्लेख असे. कोकणच्या व गुजरातच्या बंदरांतील व्यापाऱ्याने स्वतःच्या समुद्रात स्वतःच्या प्रवासाचा तपशील परकीय सत्तेला देण्याचा तो प्रकार आजच्या व्यवस्थेचा जवळचा पूर्वज मानता येईल.

तथापि या दोन व्यवस्थांत एक मूलभूत भेद आहे. मुद्रा काय किंवा कार्ताझ काय, तो लेख प्रवाशाच्या हाती असे. त्यात काय लिहिले आहे हे त्याला वाचता येई, निदान दुसऱ्याकडून वाचून घेता येई. चूक असेल तर ती चौकीवर समोरासमोर दाखविता येई. आजची नोंद प्रवाशाच्या हाती नसते. ती पुष्कळदा त्याच्या देशातही नसते. ॲमेडियस किंवा सेबर यांसारख्या आरक्षण-प्रणालींच्या परदेशस्थ संगणकांत ती राहते. तिचे वाचन त्याच्या पाठीमागे होते आणि त्या वाचनातून काय निष्पन्न झाले हे त्याला कळविले जात नाही.

४

या ठिकाणी शब्दांचा विचार करणे आवश्यक ठरते. कारण कायद्यातील संकल्पना ज्या शब्दाने मराठीत येते, त्या शब्दाची छाया तिच्यावर पडते. मराठी वृत्तपत्रे ‘गोपनीयतेचा अधिकार’ हा प्रयोग सर्रास करतात. हिंदीत ‘निजता’ हा शब्द रूढ झाला आहे. ‘गोपनीय’ या शब्दाच्या मुळाशी असलेल्या ‘गुप्’ धातूचा रक्षण करणे हा अर्थ आहे. परंतु व्यवहारात त्याचा ‘लपविणे’ हाच अर्थ बळावला. परिणामी ‘ज्याच्याजवळ लपविण्यासारखे काही नाही त्याला गोपनीयतेची काय गरज’ हा आक्षेप मराठीत सहज पटण्याजोगा वाटतो. नाशिकच्या दांपत्याला आपले गुडघे किंवा आपला उपास लपवावयाचा नव्हता. त्यांनी तो स्वतःहून सांगितला होता. मात्र विशिष्ट माणसाला, विशिष्ट कामासाठी.

‘खासगी’ हा जुना शब्द याहून अधिक उपयोगी पडतो. अरबी ‘खास’पासून फारसीच्या द्वारे आलेला हा शब्द मराठी राज्यकारभारात राजघराण्याच्या स्वतंत्र खात्यासाठी वापरला जाई. होळकरांच्या राज्यात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ ही दोन निराळी खाती होती. दौलत म्हणजे राज्याचा महसूल. खासगीचे उत्पन्न घराण्यातील स्त्रियांकडे असे. अहिल्याबाईंनी देशभर बांधविलेले घाट, मंदिरे व अन्नछत्रे यांचा संबंध याच खासगीशी जोडला जातो. खासगीचे उत्पन्न गुप्त नव्हते. ते किती, कोणत्या गावांचे, हे कारकुनांना ठाऊक असे. ते खासगी होते याचा अर्थ इतकाच, की एका खात्यात जमा झालेले दुसऱ्या खात्यात परस्पर वळविता येत नसे.

माहितीच्या रक्षणाचे आधुनिक तत्त्वही सारतः हेच आहे. ज्या हेतूने माहिती घेतली त्याच हेतूने ती वापरावी. हेतू बदलावयाचा असेल तर त्यास कायद्याचा आधार, निश्चित कारण आणि जाब देणारा अधिकारी असावा. भोजनाची निवड हे विमान कंपनीच्या खात्यातील जमा आहे. ती शासनाच्या खात्यात, आणि तेथून दुसऱ्या देशाच्या खात्यात वळविताना प्रत्येक वेळी कोणी, का व किती वळविले, हे लिहून ठेवले जाणे म्हणजे खासगीपणाचे रक्षण. अर्थात, जुन्या व्यवस्थेत खासगी ही केवळ राजघराण्याला होती, रयतेला नव्हती. प्रत्येक नागरिकाला स्वतःची खासगी आहे, हा विचार भारतीय कायद्यात फार उशिरा आला.

५

तो कसा आला याचा आलेख दिल्लीतील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांतून काढता येतो. उत्तर प्रदेशातील पोलीस-पाळतीसंबंधीच्या खरकसिंग प्रकरणात १९६२ मध्ये न्यायालयाने रात्रीच्या घरभेटी अवैध ठरविल्या. मात्र हालचालींवर लक्ष ठेवण्यास हरकत घेतली नाही आणि खासगीपणा हा राज्यघटनेने दिलेला हक्क नव्हे, असे बहुमताने सांगितले. १९६७ मध्ये सतवंतसिंग साहनी यांच्या प्रकरणात परदेशप्रवासाचा हक्क वैयक्तिक स्वातंत्र्याचा भाग मानला गेला आणि त्याच वर्षी पारपत्र अधिनियम संमत झाला. २५ जानेवारी १९७८ रोजी मनेका गांधी प्रकरणात न्यायालयाने पुढचे पाऊल टाकले : प्रवासावर बंधन घालणारी कार्यपद्धती नुसती कायद्यात लिहिलेली असून भागत नाही, ती न्याय्य व वाजवीही असली पाहिजे. अखेर २४ ऑगस्ट २०१७ रोजी निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमुखाने घोषित केले आणि खरकसिंग निर्णयातील विरोधी भाग रद्द ठरविला.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकांना त्या निकालपत्रातील नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे यांचे स्वतंत्र मत विशेष वाचनीय वाटेल. खासगीपणा ही पाश्चात्त्य कल्पना असल्याच्या युक्तिवादास उत्तर देताना त्यांनी गृह्यसूत्रे, रामायण व अर्थशास्त्र यांतील दाखले दिले आहेत. न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या प्रमुख मतात, माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, असे प्रतिपादन आहे. विमानतळ ही तशीच जागा आहे. हक्कावर बंधन घालावयाचे तर त्यासाठी कायदा हवा, उद्दिष्ट रास्त हवे आणि उपाय उद्दिष्टाच्या प्रमाणात हवा, ही कसोटी त्या मतात सांगितली आहे.

या कसोटीवर २०२२ चे विनियम पारखले असता संमिश्र चित्र दिसते. कायद्याचा आधार आहे. गुन्हे रोखण्याचे उद्दिष्टही रास्त आहे. वंश, धर्म, राजकीय मत, आरोग्य, लैंगिक जीवन इत्यादी उघड करणाऱ्या माहितीवर प्रक्रिया करण्यास स्पष्ट मनाई आहे. पाच वर्षांनंतर ओळख पटविणारा भाग झाकावयाचा आहे. दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षणाची तरतूद आहे. या गोष्टी स्वागतार्ह आहेत. परंतु त्याच परिशिष्टात ‘सर्वसाधारण शेरे’ हे शीर्षक असून विशेष सेवांच्या मागण्या त्याखाली येतात. चाकांची खुर्ची आणि भोजनाचा प्रकार तेथेच लिहिलेला असतो. एका कलमाने जी माहिती वाचावयाची नाही, ती दुसऱ्या कलमाने मागविली जाते. युरोपीय न्यायालयाने २६ जुलै २०१७ रोजी कॅनडाबरोबरच्या नियोजित कराराविषयी मत देताना नेमक्या याच दोषावर बोट ठेवले होते. शेऱ्यांचे शीर्षक पुरेसे निश्चित नाही, संवेदनशील माहिती देण्यास ठोस समर्थन नाही, आणि ज्यांच्याविरुद्ध काहीच आढळले नाही अशा प्रवाशांच्या नोंदी ते देश सोडून गेल्यावर सरसकट जपून ठेवता येणार नाहीत, असे सांगून न्यायालयाने तो करार त्या रूपात अमान्य केला.

पाच वर्षांची मुदत भारतीय विनियमांत संशयित व निरपराध असा भेद करीत नाही. शिवाय ही माहिती भारतातील अन्य खात्यांबरोबरच इतर देशांच्या यंत्रणांनाही देता येते. एकदा ती परदेशी गेली, की तेथील कायदा तिला लागू होतो. अमेरिकेच्या १९७४ च्या खासगीपणा कायद्याचे संरक्षण तेथील नागरिकांना व कायम रहिवाशांना आहे. २०१६ च्या एका कायद्याने त्यातील काही उपाय युरोपीय नागरिकांना मिळाले, पण भारतीय नागरिक त्या यादीत नाहीत.

६

माहिती चुकीची वाचली गेली तर काय होते, याचे सर्वांत गंभीर उदाहरण माहेर अरार या कॅनडाच्या नागरिकाचे आहे. २६ सप्टेंबर २००२ रोजी ते न्यूयॉर्कच्या विमानतळावर केवळ विमान बदलण्यासाठी उतरले असता त्यांना अडविण्यात आले आणि पुढे सीरियाला पाठविण्यात आले. तेथे सुमारे वर्षभर त्यांचा छळ झाला. कॅनडाच्या चौकशी आयोगाने २००६ मध्ये निष्कर्ष काढला, की कॅनडाच्या पोलिसांनी अमेरिकेस पुरविलेली चुकीची माहिती याच्या मुळाशी असण्याचा पुष्कळच संभव आहे. शासनाने क्षमा मागितली आणि १ कोटी ५ लक्ष डॉलर भरपाई दिली. ती माहिती प्रवासी-नोंदीतली नव्हती. परंतु एका शासनाचा अंदाज दुसऱ्याच्या हाती जाताना वस्तुस्थितीचे रूप घेतो, हे त्यातून दिसले.

भारतीय भाषांच्या बाबतीत या धोक्याला आणखी एक पदर आहे, तो लिपीचा. नोंद रोमन लिपीत होते. त्या लिपीत ‘ळ’ आणि ‘ल’, ‘ट’ आणि ‘त’ यांचा भेद उरत नाही. ‘काळे’ आणि ‘काले’ ही दोन आडनावे एकच होतात. उलट ‘चौधरी’ हे एक आडनाव प्रांतोप्रांती इतक्या प्रकारे लिहिले जाते, की एकाच घरातील दोघे भावंडे दोन कुळांची वाटावीत. मराठी पद्धतीत मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते. विवाहानंतर स्त्रीचे नाव, मधले नाव व आडनाव अशी तिन्ही बदलू शकतात. यादीशी नावे जुळविणाऱ्या यंत्राला हा रिवाज ठाऊक नसतो. त्याच्या दृष्टीने तो नामबदल ठरतो, आणि ‘कनिष्क’च्या अनुभवानंतर नामबदल हे संशयाचे चिन्ह मानले जाणे स्वाभाविक आहे. जे चिन्ह एका प्रसंगी खरे ठरले, तेच दुसऱ्या प्रसंगी निव्वळ कुलाचार असते. हा फरक ओळखण्यास माणूस लागतो, आणि त्या माणसाला आपली बाजू सांगण्याची वाट प्रवाशाला उपलब्ध असावी लागते.

साठविलेली माहिती केवळ अधिकृत वाचकच वाचील याचीही शाश्वती नसते. मे २०२१ मध्ये, त्या वेळी शासनाच्या मालकीच्या असलेल्या एअर इंडियाने जाहीर केले, की ‘सिटा’ या जिनेव्हास्थित कंपनीच्या प्रणालीवरील हल्ल्यात जगभरातील सुमारे ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली. ऑगस्ट २०११ ते फेब्रुवारी २०२१ या काळातील नावे, जन्मतारखा, पारपत्रांचा व तिकिटांचा तपशील तीत होता. यात कोणत्याही शासनाने काही मागितले नव्हते. माहिती एका ठिकाणी दीर्घकाळ साठलेली होती, एवढेच पुरेसे ठरले.

ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम संमत झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांवरील प्रमुख बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. विमान कंपनीच्या खात्याला या कायद्याने शिस्त लागेल, अशी अपेक्षा बाळगता येते. गुन्ह्यांच्या तपासासाठी मात्र त्यातील बहुतेक तरतुदींतून सूट आहे. शिवाय देशाची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध इत्यादी कारणांसाठी केंद्र शासन आपल्या कोणत्याही यंत्रणेला कायद्याबाहेर ठेवू शकते. म्हणजे दौलतीच्या खात्याचा हिशेब या कायद्याने मागता येत नाही.

तो मागता यावा यासाठी फार मोठी योजना लागणार नाही. शेऱ्यांचे मोकळे शीर्षक परिशिष्टातून वगळावे. ज्याच्याविषयी काही आढळले नाही त्याची नोंद अल्प मुदतीत पुसावी. परदेशास दिलेल्या प्रत्येक नोंदीची तारीख, कारण आणि अनुमती देणाऱ्या अधिकाऱ्याचे पद लिहून ठेवावे व ते शासनाबाहेरील प्राधिकरणाने तपासावे. दुसऱ्या देशाशी होणाऱ्या करारात भारतीय प्रवाशास आपली नोंद पाहण्याचा व दुरुस्त करण्याचा हक्क असावा आणि त्यासाठीचा अर्ज त्याला आपल्या भाषेत करता यावा. नाशिकच्या त्या शिक्षकाला, आपण जैन नसून चातुर्मास पाळतो, हे कोणाला तरी सांगण्याची वेळ बहुधा येणार नाही. आली, तर ते कोठे सांगावयाचे, याचे उत्तर आजच्या विनियमांत नाही.